भंडाऱ्याचं जेवण आदल्या दिवशी सांगावं

नागपूरहून पूर्वेला निघालं की साठेक किलोमीटरवर वैनगंगेकाठचं भंडारा शहर येतं. शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री घरी परतणाऱ्यांसाठी हा जिल्हा फार सोयीचा आहे. पवनीचा जुना कोट आणि १९६९-७० च्या उत्खननात उजेडात आलेला जगन्नाथ टेकडीवरचा बौद्ध स्तूप, गोसेखुर्दचं धरण, कोका अभयारण्य, साकोलीहून जवळ पडणारं नागझिरा, तुमसरकडचं चांदपूर आणि आंबागड. दोन दिवसांत यातलं निम्मं तरी निवांत पाहून होतं. पण परतलेल्या माणसाला ‘जेवलात काय?’ असं विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. पनीर मसाला, तंदुरी रोटी, जीरा राइस.

ज्या जिल्ह्याच्या नावाने चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, जिथे गावोगावी तलाव आहेत आणि तलावांत मासे आणि शिंगाडे आहेत, तिथून माणसाने हे असं जेवून परतावं याची हळहळ वाटते. यात चूक प्रवाशाची नाही आणि हॉटेलवाल्याचीही नाही. बाहेरच्या जेवणाचा धंदा ज्या पद्धतीने चालतो, त्यातच याचं कारण आहे. ते समजून घेतलं तर उपायही सोपा आहे. इथलं खरं जेवण मेनूकार्डावर शोधायचं नसतं, आदल्या दिवशी सांगून ठेवायचं असतं.

कार्डावर पनीरच का?

तालुक्याच्या गावातलं रेस्टॉरंट पर्यटकांवर चालत नाही. पर्यटक शनिवार-रविवारचा आणि तोही हिवाळ्या-उन्हाळ्यातला. रोजचा गल्ला भरतो तो गावातल्या गिऱ्हाइकावर. वाढदिवस, मुलीचा निकाल, पाहुणे आले, पगार झाला, अशा निमित्ताने घरची मंडळी बाहेर जेवायला येतात, आणि घरी जे रोज होतं ते सोडून दुसरं काहीतरी त्यांना हवं असतं. भात, वरण, वांग्याची भाजी, पाटोडीचा रस्सा हे सगळं घरी आहेच. त्यासाठी पैसे मोजून बाहेर कोण जाईल? पर्यटकाला मात्र नेमकं तेच हवं असतं. दोघांच्या मागण्या उलट्या आहेत आणि कार्ड रोजच्या गिऱ्हाइकाकडे बघूनच छापलं जातं.

दुसरं कारण स्वयंपाकघरातलं आहे. पंजाबी धाटणीच्या भाज्यांचा पाया म्हणजे कांदा, टोमॅटो आणि काजूची ग्रेव्ही. ती सकाळी पातेलंभर करून ठेवता येते. मागणी आली की त्याच ग्रेव्हीत पनीर घाला, मटार घाला, कोफ्ते सोडा. दहा-पंधरा मिनिटांत ताट टेबलावर जातं. पाटोडीच्या रश्श्याचं तसं नाही. बेसन शिजवायचं, थापायचं, वड्या कापायच्या, मसाला भाजून वाटायचा, आणि वड्या रश्श्यात सोडल्या की लवकर वाढायचं, नाहीतर त्या विरघळतात. एका गिऱ्हाइकासाठी एवढा खटाटोप कोणालाच परवडत नाही. दहा जणांसाठी आधी ठरलेलं असेल तर सहज परवडतो.

तिसरं कारण रस्ता. मुंबई-कोलकाता म्हणून ओळखला जाणारा महामार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता, आता या पट्ट्यात तो ५३ आहे. नागपूर ते रायपूर या पट्ट्यावर दिवसरात्र ट्रक धावतात आणि भंडारा, लाखनी, साकोली ही गावं त्याच रस्त्यावर आहेत. वेगवेगळ्या राज्यांतल्या चालकांना चालेल, रात्री दोनलाही गरम मिळेल, असं जेवण म्हणजे डाळ-तडका, रोटी आणि आमलेट. त्यातच जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, वरठीचा पोलाद कारखाना आणि तुमसर तालुक्यातल्या मँगनीजच्या खाणी यांमुळे बाहेरून आलेली कामगार कुटुंबंही जिल्ह्यात राहिली. ढाब्याची चव या सगळ्यांना सामावून घेणारी आहे. तिला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त ती महामार्गाची चव आहे, जिल्ह्याची नव्हे.

ताटातलं तळं

जिल्ह्याची चव कुठून येते हे पाहायचं तर पाण्याकडे जावं लागतं. इथे वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. धानाला मात्र नेमक्या वेळी पाणी हवं. निसवण्याच्या सुमारास पावसाने दगा दिला की पीक गेलंच. यावर पूर्व विदर्भातल्या लोकांनी शोधलेलं उत्तर म्हणजे तलाव. उतारावर मातीची पाळ घालून पाणी अडवायचं आणि खालच्या बांध्यांना गरजेप्रमाणे सोडायचं. या कामात कोहळी समाजाचा हात धरणारं कोणी नव्हतं. तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखालची जमीन देण्याचं धोरण गोंड राजांनी ठेवलं होतं, असं परंपरा सांगते. पुढे मालगुजारी आली आणि तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले. तत्कालीन मध्य प्रदेशात १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, १९५१ पासून तलाव सरकारकडे आले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच ‘मामा तलाव’ हे नाव पडलं. लहान असेल तर ती बोडी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत.

या पाण्यावर पिकणाऱ्या धानातला मानाचा वाण म्हणजे चिन्नोर. दाणा बारीक, वास मंद गोड, शिजल्यावर भात मऊ. पीक उशिरा हाती येतं आणि उत्पन्नही संकरित वाणांच्या मानाने कमी, म्हणून शेतकरी तो थोड्या बांध्यांतच लावतो. सुवासिक तांदळाचा वास मुख्यतः २-असेटिल-१-पायरोलिन या संयुगामुळे येतो. बासमतीतही तेच असतं. हे संयुग हवेत उडून जाणारं आहे, त्यामुळे भरडून बरेच महिने पडून राहिलेल्या तांदळाचा वास उतरतो. म्हणून चिन्नोर खायचा तर डिसेंबर-जानेवारीत, नवं धान गिरणीतून आल्यावर. नव्या तांदळाचा भात थोडा चिकट होतो आणि फडफडीत भाताची सवय असलेल्यांना तो बिघडल्यासारखा वाटतो. तो बिघडलेला नसतो. वरण आणि तुपाबरोबर तो तसाच चांगला लागतो.

या भाताचे दोन प्रकार आवर्जून मागावेत. पहिला वडाभात. भिजवलेल्या मिश्र डाळी जाडसर वाटून केलेले वडे गरम भातावर कुस्करायचे, वरून हिंग आणि लाल मिरचीची तेलाची फोडणी, सोबत कढी. दुसरा गोळाभात. बेसनाचे तिखट गोळे शिजत आलेल्या भातातच ठेवून वाफवतात, मग भात आणि गोळा एकत्र कालवून वर फोडणी घेतात. दोन्ही पदार्थ केल्याबरोबर खायचे आहेत. तासाभराने वडा गार आणि गोळा घट्ट होतो, म्हणूनच ते काउंटरवर मांडलेले दिसत नाहीत.

तलावांतल्या मासेमारीवर ढिवर समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका आहे. मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात आणि त्यांत रोहू, कतला, मृगळ यांचं बीज सोडतात. याशिवाय मरळ, झिंगे असे मुळातले रहिवासी असतातच. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे थोड्याशा पाण्यात ती बराच वेळ जिवंत राहते आणि बाजारात जिवंत विकता येते. तिला काटे कमी, मांस घट्ट, म्हणून भाव जास्त. रोहूच्या मांसात दुफाट्याचे बारीक काटे असतात. लहान मुलं बरोबर असतील तर मरळच सांगावी, किंवा मोठ्या माशाचे पोटाकडचे तुकडे मागावेत. गोसेखुर्दचा मोठा जलाशय झाल्यापासून पवनीकडे नदीच्या माशांबरोबर धरणातले मासेही येतात.

दिवाळीच्या आगेमागे रस्त्याकडेला उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग दिसू लागतात. तेही याच तळ्यांचं पीक. वेल पाण्यावर पसरतो, फळं पाण्याखाली धरतात आणि ढिवर बायामाणसं गार पाण्यात उतरून ती काढतात. सहलीत गाडी थांबवून घेण्याजोगा याहून चांगला खाऊ इथे नाही.

विणकरांचा रस्सा

सावजी म्हटलं की नागपूर आठवतं, पण या चवीचा धागा हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतला आहे आणि हा समाज भंडारा जिल्ह्यातही जुना आहे. मोहाडी आणि आंधळगावचं कोशाचं रेशीम, पवनीचं हातमागाचं कापड ही त्यांची ओळख. कापडगिरण्या आणि यंत्रमागांपुढे हातमाग मागे पडला, तशी अनेक घरांनी आपल्या चुलीलाच धंदा केलं आणि सावजी भोजनालयं निघाली.

चांगला सावजी रस्सा लालभडक नसतो, काळपट तपकिरी असतो. सुकं खोबरं, खसखस, धने, काळी मिरी, दगडफूल आणि इतर मसाले खरपूस भाजल्याने तो रंग येतो. मटणाबरोबर खूर आणि वजडी असते. मांसाहार न करणाऱ्यांसाठी पाटोडी रस्सा आणि डाळकांदा. जोडीला लांब पोळी मिळाली तर भाग्य. सैलसर भिजवलेली कणीक हातांवर ताणत ताणत रुमालाएवढी करून चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकतात. हे कसब फार थोड्या बायकांच्या हातात आहे आणि ही पोळी जवळजवळ नेहमी सांगूनच करून घ्यावी लागते.

तिखटाची भीती असेल तर त्यामागचं विज्ञान कामी येतं. मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे रश्श्यातलं बरंचसं तिखट वर तरंगणाऱ्या तर्रीत असतं. तर्री बाजूला काढून रस्सा घेतला की झणका बराच उतरतो. तोंड पोळल्यावर थंड पाण्याने क्षणभर बरं वाटतं, आग मात्र जात नाही. दही, ताक किंवा दूध घ्यावं. त्यातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून दूर नेतं.

सकाळच्या नाश्त्यालाही हीच तर्री असते. पूर्व विदर्भात पोह्यांवर हरभऱ्याचा रस्सा घेतात. शेजारी आलुबोंडा, समोसा, मूगभजी. ही हॉटेलं पहाटे उघडतात, आणि साडेनऊ-दहानंतर तिथे जे उरतं ते सकाळचंच असतं. जंगलात जायचं असेल तर आणखी एक अडचण येते. नागझिऱ्याची सकाळची फेरी पहाटे सुरू होते, आणि तोवर नाश्ता झालेला नसतो. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्रीच चहा आणि कोरड्या फराळाचं सांगून ठेवावं.

पावसाळ्यात नागझिऱ्याच्या व्याघ्र प्रकल्पातलं पर्यटन बंद असतं, तरी खाणाऱ्याने जिल्ह्याकडे पाठ फिरवू नये. आठवडी बाजारात तरोटा, कुड्याची फुलं, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते आणि सात्या येतात. सात्या ही वाळवीच्या वारुळांशी जोडलेली रानअळंबी. ती काही दिवसच उगवते आणि तिची शेती करता येत नाही. वास्त्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं आणि उकळून, पाणी बदलून ते काढून टाकावं लागतं. म्हणून रानभाजी स्वतः विकत घेऊन प्रयोग करण्यापेक्षा जिला ती वर्षानुवर्षं ठाऊक आहे तिच्या हातची खावी.

संध्याकाळची बैठक

मोठ्या शहरातल्या पबची जागा इथे ‘बार अँड रेस्टॉरंट’ म्हणजेच परमिट रूम घेते, आणि कॉलेजच्या वाटेवरचे कॅफे कोल्ड कॉफी आणि पिझ्झ्यावर तरुणांना बसायला जागा देतात. परमिट रूमबद्दल प्रवाशाला कायदा ठाऊक असावा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा सुधारणांसह अजून लागू आहे. दारू पिण्यासाठी व्यक्तीला परवाना लागतो आणि तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं, इतर मद्यासाठी २५. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद झाली होती. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी पुढे हे अंतर २२० मीटर झालं आणि पालिका हद्दीला २०१७ मध्ये सूट मिळाली. लाखांदूरहून वडशाकडे निघालात तर गडचिरोली जिल्हा लागतो आणि तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. गाडीत उरलेली बाटलीसुद्धा तिथे गुन्ह्याला कारण होते.

वाहन चालवणाऱ्यासाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रात्री हा महामार्ग जड वाहनांनी भरलेला असतो आणि जंगलपट्ट्यात जनावरं रस्त्यावर येतात. पिणार असाल तर मुक्काम जिथे असेल तिथेच बसा.

काय पाहावं, काय विचारावं

अनोळखी गावात जेवणाची जागा निवडताना सजावटीपेक्षा गर्दी आणि वेळ बघावी. ज्या भोजनालयात दुपारी बारा ते दोन स्थानिक माणसं जेवतात, तिथलं अन्न त्याच दुपारचं असतं. आणि तांदळाच्या जिल्ह्यात भाताबद्दल विशेष सावध असावं. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवतानाही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलटी आणणारं विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून चार वाजता पोहोचलात तर सकाळच्या भाताचा फोडणीचा भात घेण्याऐवजी रोटी किंवा पोळी घ्यावी. भज्यांचं तेल काळपट, फेसाळ, घट्ट झालेलं दिसलं की दुसरं हॉटेल बघावं. तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते वापरू नये असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे.

अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागात असायला हवा. बिलावर साध्या रेस्टॉरंटला पाच टक्के जीएसटी लागतो, पण कंपोझिशन योजनेतल्या लहान व्यावसायिकाला तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. सेवाशुल्क सक्तीचं नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं.

एक फोन

आता मुख्य गोष्ट. मुक्काम ठरला की तिथल्याच माणसाला विचारा की जवळपास घरगुती जेवण कोण करून देतं. लॉजचा व्यवस्थापक, जंगलातला गाइड, गाडीचा चालक, बचतगटाच्या ताई, कोणालाही विचारलं तरी दोन-तीन नावं मिळतात. मग आदल्या दिवशी फोन करा आणि चार गोष्टी नेमक्या सांगा: किती जण, किती वाजता, शाकाहारी किती, तिखट किती. ‘ताई, उद्या एक वाजता सहा जण येतो. चिन्नोरचा भात, पाटोडी रस्सा, डाळभाजी आणि जमलं तर मरळ करा. तिखट बेताचं ठेवा.’ एवढं पुरतं. काही रक्कम आगाऊ पाठवा आणि उशीर होणार असेल तर कळवा, कारण तुमच्यासाठी आणलेला मासा दुसरं कोणी घेणार नसतं.

या फोनने बरंच काही बदलतं. किती माणसं येणार हे ठाऊक असल्याने करणारीचं अन्न वाया जात नाही आणि तिला ताजं, नेमकं आणता येतं. ग्रेव्हीच्या धंद्यात ज्या पदार्थाला जागा नव्हती, त्याला गिऱ्हाईक मिळतं. चिन्नोर लावणाऱ्याचं कमी उत्पन्न चांगल्या भावाने भरून निघायचं तर तो नावाने मागणारे लोक हवेत. मानांकनाचा कागद एकटा ते काम करू शकत नाही. मामा तलाव गाळाने भरत चालले आहेत. त्यातल्या मरळीला आणि शिंगाड्याला मोल आलं, तर गाळ काढण्यात गावालाही रस राहील. पर्यटक जिल्ह्यात दोनच दिवस असतो, पण त्याच्या चार जेवणांचा पैसा कुठे जातो हे त्याच्याच हातात असतं.

सहल आखताना आपण प्रेक्षणीय स्थळं आधी ठरवतो आणि जेवण वाटेत जमेल तसं उरकतो. भंडाऱ्याला जाताना हा क्रम उलटा करा. आधी दोन्ही दुपारची जेवणं पक्की करा, मग त्यांच्या आगेमागे पवनी, कोका आणि चांदपूर बसवा. ठिकाणं दिवसभर तिथेच असतात. वडाभाताला मात्र वेळ पाळावी लागते, आणि त्याच्यासाठी ती पाळावी इतकी त्याची योग्यता नक्की आहे.